दुपारच्या सुट्टीत मान टाकणारी यंत्रं

एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. जुनी नियतकालिकं, दिवाळी अंक आणि हात लावला की तुकडे पडतील अशी पुस्तकं स्कॅन करून ठेवायचं काम तिथे काही वर्षं चाललं आहे. सहा डेस्कटॉप, दोन स्कॅनर आणि त्यांच्यावर बसणारी तीन मुलं. संगणकांची देखभाल माझ्याकडे. मी राहतो सत्तर किलोमीटरवर, त्यामुळे देखभाल म्हणजे बहुतेक वेळा फोन आणि एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या यंत्रात शिरायची सोय.

२०१९ च्या पावसाळ्यापर्यंत सहाही यंत्रांवर डेबियन ९ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. सुरळीत चाललेल्या कामात हात घालू नये हे मलाही कळतं. पण टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, त्याचा मोह पडला. डेबियन ९ बरोबर टेसरॅक्टची ३.०४ आवृत्ती येते आणि डेबियन १० बरोबर ४.०. चौथ्या आवृत्तीत अक्षरं ओळखायची पद्धत न्यूरल नेटवर्कवर गेली. घरच्या यंत्रावर जुन्या अंकाची वीस पानं दोन्हींतून काढून पाहिली, तेव्हा जोडाक्षरं आणि रफार यांच्यातला फरक बघून ग्रंथपाल बाईच म्हणाल्या, "हे आपल्याकडे कधी येणार?"

डेबियन १० आलं ६ जुलै २०१९ ला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, सोमवारी होती. आधीच्या शनिवार-रविवारी सहाही यंत्रं अपग्रेड केली. त्यात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ४.९ वरून ४.१९ वर गेला. रविवारी रात्री सगळं तपासून मोदकांच्या वेळेला घरी पोचलो.

वाचनालय उघडलं त्याच दिवशी दुपारी स्कॅनिंगच्या मुलाचा व्हॉट्सॲप संदेश आला: "दादा, ४ नंबर अडकला. माऊस हलतोय पण काहीच उघडत नाही. रिसेट दाबलं तर बूट डिस्क नाही म्हणतंय. पिन काढून परत लावली मग चालू झाला."

या चार वाक्यांत निम्म्याहून जास्त उत्तर होतं. मी "बरं, बघतो" असं उत्तर पाठवलं आणि विसरलो. पुढचे दोन आठवडे जे काही झालं, ते या संदेशाकडे नीट न बघितल्याचं फळ आहे.

वही

दहाएक दिवसांत चित्र असं झालं: ४ नंबर आणि ६ नंबर ही दोनच यंत्रं अडकत होती. उरलेली चार, तोच कर्नल आणि तीच सॉफ्टवेअरं असूनही, मजेत होती. मुलाने माझ्या सांगण्याची वाट न बघता स्कॅनिंगच्या वहीतच प्रत्येक वेळेची नोंद ठेवली होती. एकूण तेरा नोंदी. त्यांतल्या नऊ दुपारी दीड ते अडीचच्या मधल्या, म्हणजे जेवणाच्या सुट्टीतल्या. तीन संध्याकाळी पाचनंतरच्या, काम आवरून मुलं गप्पा मारत होती तेव्हाच्या. आणि एक सकाळी अकराची, तो बँकेत गेला होता तेव्हाची. टेसरॅक्ट लावून यंत्र दोन-दोन तास धापा टाकत असायचं, तेव्हा एकदाही नाही.

"दादा, काम केलं की ठीक असतो, वामकुक्षीला गेला की उठत नाही," असं त्याचं निदान होतं. ते शब्दशः बरोबर निघालं.

गावात मात्र सगळ्यांचं एकमत व्होल्टेजवर. तालुक्याच्या गावात काहीही बिघडलं की पहिला संशय वीज मंडळावर जातो, आणि तो दर वेळी चुकीचाही नसतो. म्हणून ३ नंबर आणि ४ नंबरचे यूपीएस आपसांत बदलले. तरी ४ नंबरच अडकला. वीज निर्दोष सुटली.

माझा संशय ग्राफिक्सवर. माझा तर्क असा की सुट्टीत दहा मिनिटांनी स्क्रीन काळी होते, ४.९ पासून ४.१९ पर्यंत ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये भरमसाट बदल झाले आहेत, म्हणजे स्क्रीन परत जागी होताना काहीतरी बिनसत असणार. तर्क इतका गोंडस होता की सहाही यंत्रांत तीच ग्राफिक्स चिप आहे, या गोष्टीकडे मी सरळ काणाडोळा केला. स्क्रीन काळी होणं बंद केलं. दोन दिवसांनी ६ नंबर उजळलेल्या स्क्रीनसकट अडकला, कोपऱ्यातलं घड्याळ चालू, माऊस चालू. मग रात्रभर मेमरी तपासली, एकही चूक नाही.

समोर बसून

शेवटी सोमवारी सकाळच्या एसटीने गेलो आणि ४ नंबरसमोर टर्मिनल उघडून बसलो. मुलं जेवायला गेली. मी डबा तिथेच खाल्ला आणि यंत्राला हात लावला नाही.

यंत्र "गोठलं" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे आजार असतात. एकात कर्नलच थांबलेला असतो: कॅप्स लॉकचा दिवा बटण दाबून पेटत-विझत नाही, दुसऱ्या यंत्रावरून पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी नेटवर्कवरची हाक, जात नाही. दुसऱ्यात फक्त चित्र थांबलेलं असतं: स्क्रीन मेलेली, पण एसएसएचने आत जाता येतं आणि सगळं चालू दिसतं. तिसऱ्यात सगळं जिवंत वाटतं, पण डिस्कला हात लावणारी प्रत्येक गोष्ट लटकते. कुठला आजार आहे ते ओळखायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांनी पुढचे दोन आठवडे वाचतात. मी ती दोन मिनिटं दोन आठवड्यांनी दिली.

दोन वाजून पाच मिनिटांनी ब्राउझरचं चिन्ह दाबलं आणि काही झालं नाही. कॅप्स लॉकचा दिवा बदलत होता. ३ नंबरवरून पिंग जात होतं. एसएसएचला जोडणी मिळाली, पण पासवर्ड विचारायच्या आधीच सगळं थबकलं. उघड्या टर्मिनलमध्ये एंटर दाबला तर नवी ओळ मिळत होती. "इको" चाललं, कारण ती शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटातलीच आज्ञा आहे. "एलएस" चाललं, कारण ते नुकतंच वापरलं होतं आणि मेमरीत होतं. मग डिस्क दिसते का बघायला "एलएसपीसीआय" दिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं: इनपुट/आउटपुट एरर. डिस्क आहे का ते सांगणारी आज्ञाच डिस्कवर होती.

अशा वेळी एक जुनी युक्ती कामी येते. "सिस" ही फाइलप्रणाली डिस्कवर नसते. कर्नल ती मेमरीतून दाखवतो. शेलच्या "इको"ला तिच्यातल्या "ब्लॉक" फोल्डरचं नाव आणि पुढे तारा (*) दिला, की बाहेरची एकही आज्ञा न वापरता यंत्राला जोडलेल्या डिस्कांची नावं मिळतात. ४ नंबरमध्ये एकच डिस्क, एनव्हीएमईची, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस या वेगवान जोडणीवर थेट बसणारी एसएसडी. यादीत ती नव्हती. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम जिच्यावर उभी, ती डिस्क कर्नलच्या लेखी यंत्रात नव्हतीच.

रिसेट दाबलं. बायोसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने, सांगितलं, बूट करायला डिस्क नाही. पिन काढली, दहा आकडे मोजले, परत लावली. डिस्क हजर. दोन आठवड्यांपूर्वीचा तो संदेश मला तेव्हा पहिल्यांदा खरा कळला. नुसत्या रिसेटने एसएसडीचा वीजपुरवठा तुटत नाही, त्यामुळे डिस्कच्या आतला कंट्रोलर ज्या गुंगीत गेलेला असतो त्याच गुंगीत राहतो. ग्राफिक्स, मेमरी किंवा कर्नलची गडबड असती तर नव्याने सुरू होताना बायोसला डिस्क दिसायला काहीच अडचण नव्हती.

कोऱ्या नोंदी

चालू झाल्यावर सिसलॉग आणि कर्नलच्या नोंदींची फाइल पाहिली. शेवटची ओळ दुपारी १ वाजून ५२ मिनिटांची, रोजच्या क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची. त्यानंतर थेट पुन्हा चालू झाल्याच्या ओळी. मधे काही नाही. याआधी दूरवरून बघितलं होतं तेव्हाही हेच दिसलं होतं, आणि "नोंदींत काही नाही" म्हणून मी तो धागा सोडून दिला होता.

खरं तर यंत्र अर्धवट जिवंत असताना नोंदी कोऱ्या राहणं हीच मोठी नोंद आहे. कर्नल बोलत होता, पण त्याचं बोलणं लिहून ठेवायची वहीच हरवली होती. म्हणून ते डिस्कवर न लिहिता ऐकायची सोय केली. ३ नंबरवरून ४ नंबरवर एसएसएच उघडलं, रूट म्हणून कर्नलचे संदेश दाखवणारी "डीमेसेज" ही आज्ञा सतत बघत राहायच्या पर्यायासह चालू केली आणि तशीच ठेवली. एकदा सुरू झालेली आज्ञा मेमरीत असते आणि तिचं बोलणं नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर येतं. मधे डिस्क कुठेच येत नाही. नेटकन्सोल नावाची याहून पक्की सोय कर्नलमध्येच आहे, ती नेटवर्कवरून (यूडीपी या साध्या पद्धतीने) संदेश पाठवते आणि कर्नल पुरता कोसळत असतानाही बऱ्याचदा शेवटचे शब्द पोचवते. इथे तिची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मासा गळाला लागला. ३ नंबरच्या स्क्रीनवर एनव्हीएमईच्या नावाने ओळ आली: कंट्रोलर बंद पडला आहे, रिसेट करतो. पुढे सीएसटीएस या स्थितीदर्शक रजिस्टरची किंमत, ३२ च्या ३२ बिट १. मग रिसेट फसल्याची ओळ, डिस्क यादीतून काढत असल्याची ओळ, शेवटी उणे १९ हा आकडा. त्यानंतर इनपुट/आउटपुट एररचा पाऊस आणि एक्स्ट४ या फाइलप्रणालीची रडारड.

इथे दोन आकडे बोलके आहेत. पीसीआय एक्स्प्रेसवरचं उपकरण उत्तरच देत नसेल, तर वाचणाऱ्याच्या पदरात सगळे बिट १ पडतात. म्हणजे डिस्कने चुकीची स्थिती कळवली नव्हती. ती फोनच उचलत नव्हती. आणि उणे १९ म्हणजे कर्नलच्या भाषेत "असं उपकरण नाही". या सगळ्याआधी अर्धा मिनिट शांतता असते, कारण एनव्हीएमईच्या ड्रायव्हरची वाट बघायची मुदत मुळातच ३० सेकंदांची आहे. त्या ३० सेकंदांत माणूस दहा वेळा क्लिक करतो.

जुना कर्नल, नवा कर्नल

डिस्कच खराब असेल? एनव्हीएमई-सीएलआय या आज्ञेने तिची तब्येत पाहिली. माध्यमातल्या चुका शून्य, झीज तीन टक्के. फक्त अचानक बंद पडल्याचा आकडा फुगलेला, आणि तो आम्हीच पिन काढून फुगवला होता. शिवाय दोन डिस्का एकाच दिवसापासून, नेमक्या अपग्रेडनंतर खराब होतात हा योगायोग पचत नव्हता.

अपग्रेडनंतर डेबियन जुना कर्नल लगेच काढून टाकत नाही. ग्रब, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणारा प्रोग्राम, त्याच्या "प्रगत पर्याय" यादीत ४.९ जागेवर होता. कर्नल बदलल्यानंतर यंत्र अडकायला लागलं तर सगळ्यात आधी जुन्या कर्नलवर चालवून बघायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा ते तिसऱ्या आठवड्यात केलं, कारण ग्राफिक्सचं कोडं सोडवून दाखवायची मला हौस होती.

दोन्ही यंत्रं ४.९ वर लावली. आता प्रश्न: किती दिवस अडकली नाहीत म्हणजे "बरी" म्हणायची? दोन्ही मिळून सरासरी दिवसाला एक घटना धरली आणि घटना कशाही, केव्हाही होतात असं मानलं, तर दोष तसाच असूनही एक दिवस काहीच न होण्याची शक्यता ३७ टक्के असते. तीन दिवस काही न होण्याची ५ टक्के. पाच दिवसांची एका टक्क्याहूनही कमी. म्हणून "कालपासून बरा आहे" या वाक्याला अशा प्रकरणात काडीची किंमत नाही. कामाचे पाच दिवस थांबलो. एकदाही अडकली नाहीत.

मग मधले कर्नल. डेबियनच्या जुन्या पॅकेजांचं संग्रहालय आहे, तिथून तयार कर्नल मिळतात. घरी बसून बांधत बसावे लागत नाहीत. ४.१४ लावला, दुसऱ्या दिवशी अडकला. ४.११ लावला, त्याच संध्याकाळी अडकला. वाईट कर्नल स्वतःहून कबुली देतो, चांगल्याला निर्दोष ठरवायला आठवडा जातो. म्हणून शोध वाईटाच्या बाजूने सरकवत नेणं परवडतं. ४.१० तपासायचा राहिला होता, पण त्याआधी ४.११ मध्ये एनव्हीएमईत काय बदललं ते वाचलं आणि पुढे जायची गरज उरली नाही.

डिस्कची झोप

एनव्हीएमई डिस्कला वीज वापरायच्या अनेक पायऱ्या असतात, जास्तीत जास्त ३२. वरच्या पायऱ्यांवर ती काम करते, खालच्यांवर फक्त झोपते. प्रत्येक पायरीसाठी डिस्क स्वतःच सांगते की तिथे किती वीज लागेल, झोपी जायला किती वेळ आणि उठायला किती. २०१२ च्या एनव्हीएमई १.१ मानकात आणखी एक सोय आली, एपीएसटी. यात ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कला एकदाच तक्ता देते: इतका वेळ रिकामी राहिलीस की स्वतःहून अमुक पायरीवर जा. पुढे कुणी हाक मारायची गरज नाही.

लिनक्समध्ये हा तक्ता भरायचं काम अँडी लुटोमिर्स्की यांनी लिहिलं आणि ते ३० एप्रिल २०१७ ला आलेल्या ४.११ मध्ये दाखल झालं. त्याआधी लिनक्सवर अशा डिस्का रिकामपणीही जाग्याच असायच्या आणि लॅपटॉपची बॅटरी खायच्या. म्हणजे हा बदल लोकांनी मागितलेला होता, आणि योग्यच होता. ४.९ वर आमच्या डिस्का कधी झोपल्याच नव्हत्या. ४.१९ ने त्यांना पहिल्यांदा झोपायला सांगितलं, आणि त्यांतल्या दोघींना उठता येत नव्हतं.

तक्त्यातले आकडे ४.१९ साध्या नियमाने काढतो: झोपायला आणि उठायला मिळून जितका वेळ लागतो, त्याच्या पन्नासपट वेळ डिस्क रिकामी राहिली तर तिला झोपू द्यायचं. आमच्या डिस्कची तिसरी पायरी ४० मिलिवॅटची, झोपायला २१० आणि उठायला १,५०० मायक्रोसेकंद. बेरीज १,७१०, पन्नासपट म्हणजे सुमारे ८६ मिलिसेकंद. चौथी, सगळ्यात खोल पायरी ५ मिलिवॅटची, २,२०० अधिक ६,०००, म्हणजे ८,२०० मायक्रोसेकंद. तिला ४१० मिलिसेकंद. एनव्हीएमई-सीएलआयने डिस्कमधला तक्ता वाचला तेव्हा हेच आकडे निघाले.

४१० मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. मग फक्त जेवणाच्या सुट्टीतच का? तर तसं नव्हतंच. काम चालू असतानाही डिस्क मधूनमधून डुलक्या काढत असणार, पण टेसरॅक्ट पानामागून पान वाचत-लिहीत असताना तिला पुरेशी उसंत मिळत नव्हती. सुट्टीत मात्र झोप-जाग, झोप-जाग असा खेळ चालायचा, आणि शेकडो-हजारो वेळा नीट उठल्यावर एखाद्या वेळी ती उठत नसे.

हे खरं असेल तर सुट्टीची वाट बघायचं कारण नाही. सुट्टी कृत्रिम करता येते. चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: डिस्कवरचा कुठला तरी एक चार किलोबाइटचा तुकडा वाचायचा, कॅशला बगल देऊन थेट डिस्कवरून, मग एक सेकंद थांबायचं, आणि पुन्हा. एका सेकंदात डिस्क चौथ्या पायरीवर पोचते आणि पुढचं वाचन तिला उठवतं. तासाला ३,६०० वेळा. ४.१९ वर ४ नंबर एक तास चाळीस मिनिटांत अडकला, सुमारे सहा हजार हाकांनंतर. दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटांत. दिवसाला एकदा येणारा आजार आता जेवणाआधी बोलावता येत होता. पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त समाधान या चार ओळींनी दिलं. उपाय सापडणं पुढे औपचारिकताच होती.

एक शंका उरली होती. पीसीआय एक्स्प्रेसची जोडणीही रिकामपणी वीज वाचवते, तिला एएसपीएम म्हणतात, आणि इंटरनेटवर अशा तक्रारींना सरसकट "एएसपीएम बंद करा" हा काढा दिला जातो. फक्त ते बंद करून स्क्रिप्ट लावली. दोन तास दहा मिनिटांनी यंत्र अडकलं. तेव्हा तो काढा इथला नव्हे.

उपाय

कर्नलला सुरू होताना देता येतो असा एक पर्याय आहे: एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस. (टाइप अर्थात रोमन अक्षरांत, अंडरस्कोअर आणि टिंबासकट.) उठायला किती मायक्रोसेकंद लागणारी पायरी चालेल, याची ती कमाल मर्यादा. ४.१९ मध्ये ती मुळात १,००,००० असते, म्हणून आमच्या डिस्कच्या दोन्ही झोपेच्या पायऱ्या तिच्यात बसत होत्या. ईटीसी फोल्डरमधल्या "डीफॉल्ट"खालच्या ग्रब फाइलमध्ये, "क्वाएट" शब्दाशेजारी हा पर्याय लिहायचा, अपडेट-ग्रब चालवायचं, यंत्र पुन्हा सुरू करायचं. लागू झालं की नाही ते "सिस"मध्ये एनव्हीएमई_कोअर मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये दिसतं. ते बघायला विसरू नये. माझ्याकडून पहिल्या खेपेला एक अक्षर चुकलं होतं आणि कर्नलने चकार शब्द न काढता ते गिळलं.

आधी शून्य दिलं. शून्य म्हणजे एपीएसटी पूर्ण बंद. स्क्रिप्ट रात्रभर चालली, काही झालं नाही. संशयित तोच यावर शिक्का बसला. पण शून्य हा पुरावा म्हणून चांगला, कायमचा उपाय म्हणून जरा आडदांड. तिसरी पायरी कुणाला त्रास देत नसेल तर ती का तोडायची? उठायच्या वेळांच्या, म्हणजे १,५०० आणि ६,००० यांच्या, मधला कुठलाही आकडा चालला असता. लोक बहुधा ५,५०० देतात, मीही तोच दिला. त्याने चौथी पायरी बंद, तिसरी चालू. स्क्रिप्ट अठ्ठेचाळीस तास चालू ठेवली. १,७२,८०० हाका, प्रत्येकीला ओ.

चौथी पायरी सोडल्याने तोटा ३५ मिलिवॅटचा. यंत्र वर्षभर अखंड चालू ठेवलं तरी एक तृतीयांश युनिटही होत नाही. लॅपटॉपवर असतो तर थोडा जास्त विचार केला असता, वाचनालयाच्या डेस्कटॉपवर तो विषयच नाही.

राहिला प्रश्न, हीच दोन यंत्रं का? कॅबिनेट उघडल्यावर कळलं. चार यंत्रांत एका कंपनीची एसएसडी, ४ आणि ६ मध्ये दुसऱ्याच. बिलावर सहाही एकच. खरेदीच्या वेळी डीलरकडे दोन कमी पडल्या आणि त्याने "तशीच, उलट फास्ट" म्हणून दुसऱ्या घातल्या, असं बाईंना नंतर आठवलं. त्या डिस्का सुट्या विकायच्या नव्हत्याच. मोठ्या उत्पादकांच्या तयार संगणकांत बसवायला बनवलेल्या, खोक्याशिवाय फिरणाऱ्या. अशा डिस्कांचं नवं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) डिस्क बनवणारा थेट देत नाही, ज्याच्या संगणकासाठी ती बनली तो देतो, आणि आमचे संगणक सुटे भाग जोडून घेतलेले. दार दोन्हीकडून बंद.

दोष नुसता डिस्कचाच असं म्हणायलाही मी कचरतो. कर्नलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये अशा हट्टी उपकरणांची यादी आहे. काहींसाठी एपीएसटी पूर्ण बंद, काहींसाठी फक्त सगळ्यात खोल पायरी बंद. त्यांतल्या काही नोंदी डिस्कबरोबर मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं नावही तपासतात, कारण तीच डिस्क दुसऱ्या बोर्डावर सुखाने झोपते आणि उठते. म्हणून ४ नंबरची डिस्क माझ्या घरच्या यंत्रात लावून स्क्रिप्ट चालवायचं मनात होतं. पण वाचनालयाची वर्षभराची स्कॅनं असलेली डिस्क पिशवीत घालून एसटीने न्यायला बाईंनी ठाम नकार दिला, आणि बरोबर केलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेबियन ११ आलं, ५.१० कर्नल घेऊन. अपग्रेड करताना वाटलं, दोन वर्षांत काही सुधारलं असेल. ६ नंबरवरचा पर्याय काढला, जुनी स्क्रिप्ट शोधून लावली आणि चहाला गेलो. एक तास बारा मिनिटांनी मुलाने हाक मारली, "दादा, झोपला." ५,५०० परत लिहिलं. आता ४ आणि ६ च्या कॅबिनेटवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "ग्रबमधला आकडा काढू नये. अडकल्यास रिसेट नको, पिन काढा."